सहा लिव्हरांची केबिन : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

सोसायटीच्या बैठकीत ठरलं: यंदा गणपतीसमोर रेल्वे स्टेशन. गणपती २७ ऑगस्टला बसणार, म्हणजे हातात पुरते तीन महिनेही नाहीत. बहुतेकांना गोल फिरणारी गाडी हवी होती, सोबत बोगदा आणि धबधबा. मी म्हटलं, गाडी पळवणं सगळेच दाखवतात, आपण ती थांबवणं दाखवू. कासारवाडीत राहतो आपण. खिडकीतून लोणावळा लोकल दिसते. १९७८ पासून ती धावते, आणि त्याच रुळांवरून एक्स्प्रेस जातात, मालगाड्या जातात. आज डेक्कन क्वीनचा वाढदिवस, १ जून १९३० पासून तीही ह्याच वाटेनं जाते. या सगळ्या गाड्या एकमेकींच्या वाटेत का येत नाहीत, हे मुलांना हातानं करून कळलं पाहिजे.

जबाबदारी मी घेतली. डाय-मोल्डचं ड्रॉइंग रोज करते, तेव्हा पितळ आणि कानस नवीन नाही. रेल्वेचं मात्र काकांना विचारावं लागणार. काका बी विंगमध्ये राहतात, सिग्नल फिटर म्हणून निवृत्त झाले. बैठकीत एक शब्द बोलले नाहीत. नंतर जिन्यात थांबवून म्हणाले, "करायचं तर खरं लॉकिंग कर. नुसते लाल-हिरवे दिवे लावायचे असतील तर मला हाक मारू नकोस."

८ जून, रविवार

काकांच्या डायनिंग टेबलावर आराखडा झाला. पूर्ण स्टेशन नको, फक्त गाडी आत येण्याची बाजू. अप लाइन, म्हणजे मुंबईकडे जाणारी. तिला एक लूप, म्हणजे मेन लाइनमधून फुटणारी बाजूची लाइन. एक सांधा, म्हणजे गाडीला मेनकडे किंवा लूपकडे वळवणारे हलते रूळ. लांब बाहेर आउटर सिग्नल, मग सांध्याच्या अलीकडे होम. होमच्या खांबावर दोन हात: एक मेन लाइनचा, एक लूपचा.

लिव्हर, म्हणजे केबिनमधून सिग्नल आणि सांधे ओढायचे दांडे, सहा:
१ आउटर, लाल. २ होम मेनचा, लाल. ३ होम लूपचा, लाल. ४ सांधा, काळा. ५ सांध्याचं कुलूप, निळा. ६ मोकळा, पांढरा.

रंग मी ठरवलेले नाहीत, केबिनमध्ये असेच असायचे. केबिनमन मध्यरात्री झोपेतून दचकून उठला तरी त्याला आकडा वाचावा लागू नये. काळ्याला हात घातला म्हणजे सांधा, निळ्याला घातला म्हणजे कुलूप.

सिग्नलचा हात वर जाणारा करायचा की खाली येणारा, यावर मी बराच वेळ घालवला. वर जाणारा करायला सोपा आहे, तार तुटली की स्वतःच्या वजनानं खाली येऊन आडवा होतो. काकांनी एका वाक्यात निकाल लावला. "आपल्याकडे लोक काय म्हणतात? सिग्नल पडला. मग पडणाराच हवा." खरंच की. आजीसुद्धा म्हणायची, सिग्नल पडला, पिशव्या उचला. हात आडवा म्हणजे थांब, तिरका खाली झुकला म्हणजे ये. आता रुळांवर रंगीत दिवे आले, पडायला काही उरलं नाही, तरी फलाटावर कुणी ना कुणी 'पडला' म्हणतंच. गंमत अशी की चौकातला सिग्नल 'पडला' म्हटलं की आपण ब्रेक दाबतो. एकच शब्द, रुळांवर 'ये' आणि रस्त्यावर 'थांब'.

११ जून, बुधवार

सुट्टी टाकून जुन्या बाजारात. मोडक्या तराजूची पितळी वजनं मिळाली, पन्नास ग्रॅमची चार. कशाला लागतील माहीत नाही, पण ठेवली. तीन रंगांचा रेल्वेचा हातदिवा दिसला, किंमत आवाक्याबाहेर. तिथून बोहरी आळीत: पितळी पट्टी १२ मिलिमीटर रुंद, ३ जाड. सायकलच्या दुकानातून ब्रेकच्या केबल दहा.

१५ जून, रविवार

लॉकिंगचा तक्ता, म्हणजे कोणता लिव्हर कोणत्याला अडवतो याची यादी. लिव्हर बनवण्याआधी हा कागद झाला पाहिजे, असं काकांनी बजावलं होतं. सगळं यंत्र यातच आहे.

– सांधा (४) हलवायचा तर कुलूप (५) काढलेलं हवं.
– होम मेन (२) पाडायचा तर सांधा सरळ हवा आणि कुलूप लागलेलं हवं.
– होम लूप (३) पाडायचा तर सांधा लूपकडे हवा आणि कुलूप लागलेलं हवं.
– आउटर (१) पाडायचा तर होमच्या दोनपैकी योग्य तो हात आधी पडलेला हवा.
– आणि उलटही: होम पडलेला असताना कुलूप काढता येणार नाही.

शेवटची ओळ मी लिहिली नव्हती. काका म्हणाले, लिहिली नाहीस तरी पितळ ती पाळेलच. 'अ' अडवतो 'ब'ला, म्हणजे 'ब' सुद्धा अडवतो 'अ'ला. पट्टीतली खाच दोन्ही बाजूंनी काम करते. हे मला फार आवडलं. नियम एकदाच कापायचा, त्याची दुसरी बाजू आपोआप मिळते.

ही कल्पना कुणाची, ते मुलांच्या फलकासाठी लिहून ठेवते. हात असलेला सिग्नल रेल्वेवर आणला चार्ल्स हटन ग्रेगरीनं, १८४१ मध्ये, लंडनजवळच्या न्यू क्रॉसला. पण सिग्नल एकीकडे आणि सांधा दुसरीकडे, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. सांधेवाल्यानं सांधा लूपकडे ठेवून मेनचा सिग्नल दिला तर त्याला अडवणारं काही नव्हतं. १८५६ मध्ये जॉन सॅक्सबीनं दोन्ही एकत्र जोडण्याचं पेटंट घेतलं. हा सॅक्सबी मुळातला सुतार. म्हणजे आमच्या घाटाखाली आणि घाटावर रूळ पडत होते तेव्हाच तिकडे ही कल्पना आकार घेत होती. खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली १८५८ ला, आणि घाटाचा टप्पा पुरा झाला १८६३ ला. मधली पाच वर्षं मुंबईहून येणारे लोक खोपोलीला उतरून पालखीत किंवा घोड्यावर बसून घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे.

२० जून, शुक्रवार

तुकोबांची पालखी जुन्या हायवेनं गेली. दिवसभर चहा आणि राजगिऱ्याचे लाडू वाटले. काम नाही.

२९ जून, रविवार

आज पहिला लिव्हर अडला. मुद्दाम वेळ लिहिते: संध्याकाळी सव्वासहा.

रचना अशी. प्रत्येक लिव्हरच्या तळाशी एक पितळी पट्टी, तिला टॅपेट म्हणतात. लिव्हर ओढला की पट्टी पुढे सरकते. सहा पट्ट्या शेजारी-शेजारी. त्यांच्या आडवे छोटे ठोकळे, दोन पट्ट्यांच्या मधल्या खोबणीत बसलेले. पट्टीच्या कडेला खाच कापलेली, खाचेच्या भिंती ४५ अंशांत उतरत्या. पट्टी सरकली की उतरती भिंत ठोकळ्याला बाजूला ढकलते, आणि तो जाऊन शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसतो. शेजारच्या पट्टीला समोर खाच नसेल तर ठोकळ्याला जायला जागाच नाही. मग पहिली पट्टीही सरकत नाही, आणि लिव्हर हातात येत नाही. बस, एवढंच. ना वीज ना स्प्रिंग. १८७० च्या सुमारास इंग्लंडातल्या स्टीव्हन्स कंपनीनं हे आणलं.

खाचा कानशीनं काढल्या. पहिल्या चार वाया गेल्या, कोन साठीकडे झुकला होता आणि ठोकळा सरकण्याऐवजी रुतून बसायचा. पाचव्याला जाड पुठ्ठ्याचा गेज करून लावला. मग जमलं. कुलूप न लावता २ नंबर ओढला: बोटभर ढिलाई, मग दगड. कुलूप लावलं, पुन्हा ओढला: लोण्यासारखा आला. काकांनी तीनदा करून पाहिला. दर वेळी खिशातला रुमाल काढून लिव्हरच्या मुठीला गुंडाळून धरत होते. विचारलं तर म्हणाले, "घामानं मूठ गंजते. उघड्या हातानं लिव्हर धरायचा नाही." माझी मूठ लाकडी आहे, गंजणार नाही. तरी उद्यापासून फडकं ठेवते.

६ जुलै, रविवार, आषाढी

उपवास, पाऊस, आणि आउटरचं कोडं.

१ नंबरला "२ किंवा ३" हवा. या 'किंवा'नं आठवडाभर डोकं खाल्लं. "२ आणि ३" सोपं आहे, दोन ठोकळे. पण २ आणि ३ एका वेळी पडूच शकत नाहीत, एकाला सांधा सरळ लागतो, दुसऱ्याला लूपकडे. मग ठोकळ्यानं कुणाकडे बघायचं?

काकांनी टेबलावर तीन काडेपेट्या एका रेषेत ठेवल्या. डावी म्हणजे आउटर, उजवी म्हणजे होम मेन, मधली मोकळी. डावी ढकलली की मधली ढकलली जाते, मधलीनं उजवी. मग मधली उचलली. आता डावी ढकलली तरी उजवीला कळतच नाही. "ही मधली कुणाच्या पाठीवर बसवायची?" मी म्हटलं, सांध्याच्या. "झालं तर."

म्हणजे ४ नंबरच्या पट्टीवर एक सुटा तुकडा. सांधा सरळ असला की तो पहिल्या खोबणीत येतो, आणि १ नंबरचा धक्का २ पर्यंत पोचवतो. २ पडलेला नसेल तर १ अडतो. सांधा लूपकडे गेला की तुकडा पट्टीबरोबर सरकून दुसऱ्या खोबणीत येतो, आणि आता तोच धक्का ३ कडे जातो. अटीचं लॉकिंग. आउटर स्वतः काही विचारत नाही. सांधा ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या होमला तो विचारतो. सांगायला दोन ओळी लागल्या, कापायला तीन संध्याकाळी लागतील.

१३ जुलै, रविवार

आठवड्याच्या पावसानं लाकूड फुगलं. टिंबर मार्केटमधून आणलेल्या चौकटीच्या खोबण्या आवळल्या, ठोकळे हलेनात. सगळं सोडवून, पॉलिश पेपर मारून, मेण चोळून पुन्हा जोडलं. एक संध्याकाळ गेली.

काका म्हणाले, हा आमचा रोजचाच प्रकार. केबिनपासून सांध्यापर्यंत लोखंडी रॉड जातो, शेकडो मीटर. दुपारच्या उन्हात तो वाढतो, पहाटे आखडतो. केबिनमध्ये लिव्हर पूर्ण ओढला आणि तिकडे सांधा दोन बोटं उघडाच राहिला, असं झालं तर? म्हणून रॉडच्या मध्यावर एक उलटवणारा क्रँक बसवतात: त्याच्या अलीकडचा रॉड ढकलतो तेव्हा पलीकडचा ओढतो. ऊन लागलं की दोन्ही अर्धे सारखेच वाढतात, आणि एकाची वाढ दुसरा गिळतो. टोकं जागच्या जागी. सिग्नलच्या तारेला मात्र अशी सोय कमी, ती केबिनमधून हातानं ताणून जुळवावी लागे. उन्हाळ्यात सैल, थंडीत आवळलेली.

२७ जुलै, रविवार

दिवे. तपकीर गल्लीतून हिरवा एलईडी आणला होता. काकांना पसंत पडला नाही. "आमच्या सिग्नलची काच हिरवी नव्हती. निळी होती."

मला पटेना. मग करून पाहिलं. पिवळट उजेडाचा छोटा बल्ब, समोर देखाव्यासाठी आणलेला निळसर जिलेटिन कागद. खोलीतले दिवे घालवले आणि समोर हिरवा! रॉकेलच्या दिव्याची ज्योत पिवळी, म्हणून काच निळसर ठेवायची. दोन्ही मिळून ड्रायव्हरला हिरवं दिसतं. दिवसा कुणी त्या काचेकडे पाहिलं तर त्याला वाटायचं हिरवं कुठं आहे.

आणखी एक बारकावा घेतला. सिग्नलच्या दिव्याला मागून एक छोटं भोक असतं. हात आडवा असताना त्यातून केबिनच्या दिशेनं पांढरा ठिपका दिसतो, हात पडला की ठिपका झाकला जातो. त्यावरून रात्री दूरवरच्या सिग्नलची वात पेटलेली आहे ना, आणि हात खरोखर हलला ना, हे केबिनमध्ये बसून कळतं. माझ्या मॉडेलमध्ये टाचणीएवढं भोक. पण अंधारात तो ठिपका दिसला तेव्हा काका बराच वेळ तिकडे बघत बसले.

३ ऑगस्ट, रविवार

आजचं सविस्तर लिहिते, कारण यापुढे असं होता कामा नये.

होम मेनची केबल तुटली. चाचणीत चाळीस-एक वेळा ओढली असेल, कडेला घासून तार झिजली होती. ते एक असो. पण तुटली तेव्हा हात पडलेला होता, आणि तुटल्यावरही पडलेलाच राहिला. मी लिव्हर मागे ढकलला, केबिनमध्ये २ नंबर 'नॉर्मल', आणि बाहेर खांबावर हात खाली, दिवा हिरवा. लॉकिंगच्या हिशेबी सिग्नल लाल होता, म्हणून मी कुलूपही काढू शकले आणि सांधाही फिरवू शकले. तिकडे ड्रायव्हरला 'ये' दिसतंय.

काका समोरच होते. चहाचा कप खाली ठेवला. रागावले नाहीत, पण आवाज बदलला. "तार तुटणारच. लोखंड आहे. सिग्नल बिघडला तर तो लालच बिघडला पाहिजे. हिरवा बिघडणारा सिग्नल नसलेला बरा."

खालच्या बाजूला पडणाऱ्या हाताला हे आपोआप मिळत नाही. हाताचं स्वतःचं वजन त्याला खालीच ओढतं. म्हणून खिळ्याच्या दुसऱ्या बाजूला, जिथे लाल-निळ्या काचांची चौकट असते, ते टोक जड ठेवावं लागतं आणि खांबाला तोलाचं वजन लावावं लागतं. तार ओढून धरली तरच हात पडतो. तार सुटली, तुटली, कुणी कापली, तर तोल हाताला परत आडवा करतो. मी काचांची चौकट शोभेसाठी पातळ प्लायची केली होती. चूक तिथे.

जुन्या बाजारातली पितळी वजनं आठवली. पन्नास ग्रॅमचं एक-एक प्रत्येक हाताच्या तोलदांडीला लावलं. मग मी स्वतः पक्कड घेऊन तिन्ही केबल एकेक करून कापल्या, हात पडलेला असताना. तिन्ही वेळा हात खट् करून आडवा. नव्या केबल टाकल्या. काकांनी मग थंड झालेला चहा प्यायला.

हे शहाणपण जगाला फुकट मिळालेलं नाही. २१ जानेवारी १८७६, इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन. बर्फाचं वादळ. त्या काळी तिथे सिग्नल एरवी पडलेलेच ठेवत, आणि अडवायचं असेल तेव्हा आडवे करत. हात आणि तारा बर्फानं जड होऊन पडलेल्या स्थितीतच अडकले. केबिनमन लिव्हर मागे टाकत होता, सिग्नल उठत नव्हता. एक्स्प्रेस मालगाडीवर गेली, आणि त्या ढिगाऱ्यावर दुसरी एक्स्प्रेस. त्यानंतर नियम उलटा झाला: सिग्नल एरवी आडवाच, गाडीपुरता पाडायचा, गाडी गेली की परत आडवा. आम्ही लिव्हरच्या ज्या अवस्थेला सहज 'नॉर्मल' म्हणतो, ती म्हणजे 'थांब'.

आपल्या बोरघाटातही हाच विचार जमिनीवर मांडलेला आहे. १ : ३७ चा उतार, ब्रेक सुटलेली गाडी खाली किती वेगानं येईल याचा नेम नाही. म्हणून तिथे चढावर जाणाऱ्या कॅच सायडिंग, म्हणजे सुटलेली गाडी अडवायच्या बाजूच्या लाइन, आणि सांधा एरवी त्या सायडिंगकडेच लावलेला. गाडी ताब्यात आहे हे ड्रायव्हरनं आधी दाखवायचं, मग त्याला खालची वाट मिळते.

१० ऑगस्ट, रविवार

शेजारचं स्टेशन हवं, नाहीतर गाडी येते कुठून? जिन्याखाली दुसरं टेबल, त्यावर सायकलची घंटा. दोन टेबलांमध्ये ब्लॉकचं यंत्र (दोन स्टेशनांमधली लाइन मोकळी आहे का ते दाखवणारं) म्हणून तीन खुणांची तबकडी: लाइन बंद, लाइन क्लिअर, गाडी लाइनवर. मुलं दोन गटांत. एक ठोका: लक्ष दे. दोन: लाइन क्लिअर आहे का? तीन: गाडी निघाली. चार: गाडी पोचली, लाइन मोकळी. सहा ठोके म्हणजे पुढे धोका. ते वाजवायची वेळ येऊ नये, पण ते पाठ हवंच.

मुलांनी तासाभरात पाठ केलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या जिन्यात ठोक्यांची भाषा. एका आईनं जेवायला बोलावलं तर वरून दोन ठोके आले.

गोळ्याबद्दल, म्हणजे एकेरी लाइनवर ड्रायव्हरला हातात मिळणाऱ्या परवान्याबद्दल, मुलांना फक्त सांगितलं, बनवणार नाही. आपली लोणावळ्याची लाइन दुहेरी, तिला तो लागत नाही. पण एकेरी लाइनवर समोरासमोर गाड्या येऊ शकतात. इंग्लंडात थॉर्पला १८७४ मध्ये आल्याच. त्यानंतर १८७८ मध्ये एडवर्ड टायरनं यंत्र केलं: दोन स्टेशनांत दोन पेट्या, विजेनं जोडलेल्या, आणि दोन्ही मिळून एका वेळी एकच टॅब्लेट, म्हणजे परवान्याची चकती, बाहेर. आपल्याकडे नीलच्या यंत्रातला लोखंडी गोळा रूढ झाला. गोळा हातात नाही तर ड्रायव्हर निघणार नाही. वेताच्या कड्याला चामड्याची पिशवी, त्यात गोळा. न थांबणाऱ्या गाडीतून एक कडं खाली टाकायचं आणि दुसरं दंडात झेलायचं. काकांनी उजवा हात कोपरात वाकवून दाखवला, आणि तो आपोआप मागे गेला, झटका जिरवायला.

१७ ऑगस्ट, रविवार

आज माझ्या भाचीनं यंत्राला हरवलं.

वय अकरा. सगळे नियम पाळून तिनं गाडी घेतली: कुलूप लावलं, होम पाडला, आउटर पाडला. इंजिन सांध्यावरून मेन लाइनवर गेलं. मग तिनं आउटर मागे टाकला, होम मागे टाकला (नियमच आहे), कुलूप काढलं, आणि डबे अजून सांध्यावर असताना सांधा फिरवला. इंजिन मेनवर, मागचा डबा लूपकडे, मधला आडवा. एकाही लिव्हरनं तिला अडवलं नाही. टॅपेटनं सगळं बरोबर केलं. त्याला गाडी दिसतच नाही, त्याला फक्त लिव्हर माहीत.

मी हिरमुसले, पण काका इतके खूश झाले की त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं. "पोरी, हेच व्हायचं. खरोखर व्हायचं. म्हणून लॉक बार आला."

लॉक बार म्हणजे सांध्याच्या अलीकडे, रुळाच्या आतल्या कडेला लागून बसवलेली लांब लोखंडी पट्टी. ती कुलपाच्या लिव्हरला जोडलेली. लिव्हर ओढा किंवा ढकला, मधल्या टप्प्यात ती पट्टी रुळाच्या पातळीपर्यंत वर उठते आणि पुन्हा खाली जाते. रुळावर चाक असेल तर चाकाची कड पट्टीला वर येऊ देत नाही. पट्टी उठत नाही म्हणून कुलूप निघत नाही, कुलूप निघत नाही म्हणून सांधा हलत नाही. खुद्द गाडीच सांधा धरून ठेवते. पट्टीची लांबी मात्र विचार करून ठरवलेली: कोणत्याही दोन लागोपाठच्या चाकांतल्या सर्वांत मोठ्या अंतरापेक्षा जास्त, नाहीतर पट्टी दोन बोगींच्या मधल्या रिकाम्या जागेत उठेल. ब्रॉडगेजला ४२ फूट, म्हणजे सुमारे १२.८ मीटर.

माझ्या रुळांमधलं अंतर ६ सेंटीमीटर आहे, म्हणजे प्रमाण १ : २८. त्या हिशेबानं बार सुमारे ४६ सेंटीमीटरचा व्हावा. पण डबे मी टेबलात मावावे म्हणून आखूड केलेत, आतल्या चाकांमध्ये २२ सेंटीमीटर. बार २५ चा केला. कंपनीतल्या सहकाऱ्यानं लेथवर चाकं कड ठेवूनच काढून दिली होती, ते आज कामी आलं.

रात्री साडेदहाला भाचीनं पुन्हा तोच डाव टाकला. निळा लिव्हर अर्ध्यावर येऊन थांबला. तिनं जोर लावला. मग डब्याकडे वाकून बघितलं, चाकाखालची पट्टी बोटानं चाचपली, आणि स्वतःच लिव्हर सोडला.

आता हे काम रुळातून जाणारी वीज करते. ट्रॅक सर्किट. चाक आणि आस यांनी दोन रूळ जोडले गेले की सर्किट तुटल्यासारखं होतं आणि यंत्राला गाडी 'दिसते'. विल्यम रॉबिन्सननं १८७२ मध्ये ते काढलं. त्याच्या जोरावर रंगीत दिवे स्वतःहून बदलू लागले. आपल्या देशात असे स्वयंचलित दिवे पहिल्यांदा लागले १९२८ मध्ये, मुंबईत व्हीटी ते भायखळा. काका त्या बदलाबद्दल कुरकुरत नाहीत. म्हणतात, पावसात खांबावर चढून वात लावणाऱ्या बत्तीवाल्याला विचार, एलईडी चांगला की वाईट.

२४ ऑगस्ट, रविवार

मांडवात जोडणी. लॉकिंगची पेटी झाकायची नाही असं ठरवलं. वर काच, आत उजेड. काहींचं म्हणणं, वरून देखणं स्टेशन दिसू दे, खालचं पितळ कशाला. मी ऐकलं नाही. खरी गोष्ट त्या पितळात आहे.

फलकांवर मजकूर कमी केला. सनावळ्या सहाच ठेवल्या: १८४१, १८५६, १८५८, १८६३, १८७६, १९२८. प्रत्येक लिव्हरखाली फक्त एक ओळ: 'मला ओढायचं तर आधी कोण?'

३१ ऑगस्ट, रविवार

गर्दी. मोजली नाही, पण रांग दारापर्यंत होती. सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य: "ताई, हा अडकलाय." अडकला नाही, तो नको म्हणतोय, असं दिवसभर सांगितलं. मग काचेतून ठोकळा दाखवायचा, माणूस वाकून बघतो, निळा ओढतो, मग लाल ओढतो, आणि हात पडल्यावर हमखास मागून कुणीतरी म्हणतं, "पडला, पडला."

एक वयस्कर गृहस्थ आले. काही न विचारता त्यांनी बाजूचं फडकं उचललं, ५, २, १ असे तीन लिव्हर ओढले, थांबले, १, २, ५ असे मागे टाकले. एकदाही अडले नाहीत. फडकं घडी करून जागेवर ठेवलं. काकांनी लांबून पाहिलं आणि दोघं बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. आरतीला बोलवायला मुलांना पाठवावं लागलं.

६ सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी

विसर्जन झालं. मांडव उतरवण्याआधी सगळे लिव्हर नॉर्मलला टाकून घेतले, सांधा सरळ, गाडी काढून ठेवली. मगच वायर सोडल्या.

झीज पाहिली: २ नंबरच्या खाचेची डावी कड गोल झालीय, पट्टी बदलायची. केबल तिन्ही ठीक. लॉक बारचा मागचा पिवट ढिला. घंटेचा स्क्रू हरवला.

भाचीचं म्हणणं, ६ नंबर पांढरा पुढच्या वर्षी मोकळा राहायला नको. त्यावर फाटक घ्यायचं: फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय आउटर पडता कामा नये. म्हणजे १ नंबरच्या पट्टीला आणखी एक खाच, ती अटीच्या तुकड्याच्या पलीकडे जागा आहे तिथे. आणि लिव्हर तपकिरी रंगवायचा.